आधी समोरच्याचे ऐकू



ईश्वराच्या अस्तित्वावरील, धारवाडात भरलेल्या या परिषदेत स्वागत समितीतर्फे आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

हा वाद आपल्याकडे नवा नाही आणि परका तर मुळीच नाही. घट आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे, तसाच जगाचाही कर्ता असला पाहिजे, असे नैयायिकांनी मांडले. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त या बाजूला शास्त्रशुद्ध बळ दिले. त्याआधीच वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी सृष्टिकर्त्याची कल्पना नाकारली होती. कुंभाराला हातपाय असतात, मग अशरीरी कर्ता जग घडवील कसा, आणि कशासाठी? या प्रश्नाची धार मला आजही बोथट झालेली वाटत नाही. जैनांनीही जगाचा कर्ता मानला नाही. म्हणजे ईश्वर नाकारणारा तो धर्मबाह्य, ही समजूत आपल्या परंपरेला धरून नाही.

वेगवेगळ्या दर्शनांची मते मांडणाऱ्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. त्याचे कर्ते, चौदाव्या शतकातले, विजयनगरच्या काळातले माधवाचार्य वेदान्ती; पण ग्रंथाचे पहिले प्रकरण त्यांनी ईश्वर न मानणाऱ्या चार्वाकांना दिले. चार्वाकांचे बहुतेक लेखन नष्ट झाले. त्यांचे म्हणणे आज कळते ते मुख्यतः विरोधकांनी खंडनाआधी नोंदवून ठेवले म्हणून.

आपल्या मुलखाने जमखंडीचे गुरुदेव रा. द. रानडे यांच्यासारखा ईश्वरसाक्षात्काराचा तत्त्वज्ञ दिला, आणि कऱ्हाडजवळच्या टेंभूने बुद्धिवादी सुधारक आगरकर दिले. दोघांनाही आपण आपले मानतो.

आणि याच धारवाडात, ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी, डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना राहत्या घरी गोळ्या घातल्या गेल्या. ते नास्तिकवादाचे प्रचारक नव्हते, कन्नड वचनसाहित्याचे संशोधक होते. त्याआधी पुण्यात दाभोलकर आणि कोल्हापुरात पानसरे या विवेकवादी कार्यकर्त्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांत त्यांचा अंत झाला. देवाबाबत तटस्थ राहून अंधश्रद्धेशी लढणाऱ्या दाभोलकरांनाही मारले गेले, हे मी विसरू शकत नाही. या गावात ही परिषद भरवण्याची जबाबदारी आम्ही हे सारे लक्षात ठेवून घेतली आहे.

म्हणून यजमान या नात्याने एकच विनंती. आस्तिक असो वा नास्तिक, प्रत्येक वक्त्याने आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे, मगच खोडावे. आणि श्रोत्यांनी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकून घ्याव्यात.