स्वस्त जहाजांचा हिशेब

उत्पादनखर्च घटला की ते मालकाच्या हिकमतीचे फळ, असे मानण्याची रीत पडून गेली आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या लिबर्टी जहाजांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९४१ ते १९४५ या काळात १८ गोद्यांनी अशी २,७१० मालवाहू जहाजे बांधली. आराखडा एकच, तोही मूळ ब्रिटिश वळणाचा. टर्बाइने युद्धनौकांसाठी राखलेली, म्हणून इंजिन जुन्या पद्धतीचे वाफेचे. वेग जेमतेम ११ नॉट. खरा बदल सांध्यात झाला. रिव्हेट मारायचे तर पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो, भोके पाडावी लागतात आणि वर्षानुवर्षे हात बसलेला कारागीर लागतो. वेल्डिंगमध्ये पत्र्याला पत्रा भिडवला की पुरते. पोलाद वाचते, वजन घटते, आणि नवख्या माणसाला हे काम थोड्या अवधीत शिकविता येते. हजारो स्त्रिया ते शिकून गोदीत आल्या. जहाजाचे मोठाले भाग जमिनीवरच जुळवून क्रेनने जागी बसवीत. पहिल्या जहाजाला सुमारे ८ महिने लागले होते. पुढे सरासरी दीड महिन्यावर आली. (१९४२ मध्ये एक जहाज ५ दिवसांच्या आत पाण्यात उतरविले गेले, पण तो प्रचारासाठी केलेला विक्रम होता.)

नाव झाले ते हेन्री कैसर यांचे. त्यांची संघटनशक्ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु मागणी सरकारची, गोद्या उभारण्याचा पैसा बव्हंशी सरकारचा, आणि सगळा खर्च भरून देऊन वर मोबदला देणारेही सरकारच. एकच नमुना शेकड्यांनी विकत घेण्याची ही हमी नसती, तर या नव्या पद्धतीवर कोणत्या कारखानदाराने भांडवल लावले असते?

जानेवारी १९४३ मध्ये पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' हे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असतानाच दुभंगले. ते लिबर्टी नव्हे, पण वेल्डिंगनेच बांधलेले होते. अनेक लिबर्टी जहाजांनाही चिरा गेल्या. प्रथम बोट ठेवले गेले ते वेल्डिंगच्या कामावर. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की, ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात चीर पत्र्याच्या कडेशी अडे. सलग सांधलेल्या अंगात ती आरपार धावे. डेकवरील माल उतरविण्याच्या तोंडांना चौकोनी कोपरे होते, तेथे ताण एकवटे. कोपरे गोल केले, चीर अडविणाऱ्या पट्ट्या बसविल्या, तेव्हा दुखणे आटोक्यात आले.

तोवरचा धोका कोणाच्याही खर्चाच्या वहीत नोंदलेला नव्हता. तो उत्तर अटलांटिकच्या थंडीत ही जहाजे हाकणाऱ्या खलाशांनी सोसला. व्यापारी जहाजांवरील या खलाशांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला तो १९८८ मध्ये.