डचांच्या दप्तरात सापडलेले सुरतेचे सौदागर
(युवा शिबिरातील भाषण)



संयोजकांनी मला 'करिअर' या विषयावर बोलायला सांगितलं. मी इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, त्यामुळे इंटरव्ह्यू कसा द्यावा, पॅकेज किती मागावं असं काही मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असणार. ते जेवणाच्या सुट्टीत विचारा. आत्ता मी दुसऱ्याच एका माणसाच्या करिअरबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव अशीन दासगुप्ता. बंगाली इतिहासकार, जन्म १९३२, मृत्यू १९९८. आयुष्यभर त्यांनी एकच विषय धरला होता, तो म्हणजे हिंदी महासागरातला व्यापारी.

राजे नाहीत, लढाया नाहीत. व्यापारी. त्याचं जहाज कुठे गेलं, त्यात काय माल होता, पैसे कोणाचे अडकले आणि शेवटी तो का बुडाला.

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते केंब्रिजला गेले. पहिलं पुस्तक १९६७ साली आलं, मलबारच्या व्यापारावर. त्रावणकोरच्या मार्तंड वर्मा राजाने मिरीचा व्यापार सरकारच्या ताब्यात घेतला आणि तिथल्या स्वतंत्र व्यापाऱ्यांचा पाय कसा निसटला, ते त्यात आहे. मग ते सुरतेकडे वळले. सुरतेवरचं पुस्तक यायला १९७९ उजाडलं. बारा वर्षं! आपल्याकडे दोन वर्षांत कंपनी बदलली नाही तर लोक काळजीने चौकशी करतात.

बारा वर्षं का लागली? कारण सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या वह्या जवळजवळ उरल्याच नव्हत्या. सतराव्या-अठराव्या शतकात ज्यांची जहाजं तांबड्या समुद्रात जात होती, त्यांच्या घरात हिशेबाच्या चोपड्या नक्की असणार. पण त्या गेल्या. राहिलं ते डच ईस्ट इंडिया कंपनीचं दप्तर. सुरतेच्या डच वखारीतला कारकून रोज लिहायचा: आज कोणतं जहाज आलं, कोणाचं, मुत्सद्द्याने कोणाकडून किती उकळले, बाजारात काय अफवा आहे. हे कागद नेदरलँड्समध्ये हेगला जपून ठेवलेले आहेत. दासगुप्ता डच भाषा शिकले आणि ते कागद वाचत बसले.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. एखादा सर्व्हर बंद पडतो, त्याचे लॉग पुसले जातात. मग आम्ही काय करतो? तो ज्या दुसऱ्या सर्व्हरशी बोलत होता, त्याचे लॉग उघडतो. तिथे आपल्या सर्व्हरच्या हालचाली सापडतात, पण दुसऱ्याच्या नजरेतून. डच कारकुनाला सुरतेच्या व्यापाऱ्याचं कौतुक नव्हतं. तो प्रतिस्पर्धी होता. अशा माणसाच्या तक्रारींतून त्या व्यापाऱ्याचं खरं चित्र काढायचं, हे फार सावधगिरीचं काम आहे.

त्या कागदांतून जो सगळ्यात ठळक उभा राहतो तो मुल्ला अब्दुल गफूर. बोहरा व्यापारी, सुरतेतला सगळ्यात मोठा जहाजमालक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेच्या व्यापाऱ्यांची शंभराहून अधिक जहाजं होती, त्यांतली सतराच्या आसपास एकट्या गफूरची. त्या काळातला अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक जहाजी कप्तान लिहून गेलाय, की या माणसाचा व्यापार इंग्रजांच्या अख्ख्या कंपनीच्या तोडीचा होता. आशियातला व्यापारी म्हणजे गाठोडं घेऊन फिरणारा फेरीवाला, असं व्हान लूर या डच अभ्यासकाने मांडलं होतं. दासगुप्ता म्हणाले, बहुतेक जण तसे छोटेच होते हे खरं, पण गफूरला त्या गाठोड्यात कसं बसवणार?

१६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने गफूरचं 'फतेह मुहम्मदी' जहाज लुटलं आणि पाठोपाठ औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई'. चाच्यांचा उपद्रव चालूच राहिला, तेव्हा गफूर गप्प बसला नाही. युरोपियन कंपन्यांनी नुकसान भरून द्यावं म्हणून त्याने मुघल अधिकाऱ्यांवर दबाव आणला, आणि शेवटी कंपन्यांना समुद्राच्या सुरक्षेची हमी लिहून द्यावी लागली. म्हणजे कंपनी सरकार भारतावर राज्य करायच्या कितीतरी आधी, सुरतेतला एक व्यापारी तिच्याकडून कागद लिहून घेत होता.

इथे टाळी वाजवायचा मोह होतो. थांबा. पुढची गोष्ट ऐका.

१७१८ साली गफूर वारला. सुरतेचा कारभार तेव्हा हैदर कुली खानाकडे होता. त्याने मालमत्ता ताब्यात घेतली. ती सोडवायला वारसांना दिल्ली दरबारी धाव घ्यावी लागली. पुढे नातू मुल्ला मुहम्मद अलीने सुरतेच्या अधिकाऱ्यांना कंटाळून तापीच्या काठी अठव्याला स्वतःचा धक्का आणि गढी बांधायला घेतली. १७३२ साली शहरातले व्यापारी एकत्र आले आणि सोहराब खान या अधिकाऱ्याला त्यांनी हटवलं. त्याच्या जागी तेग बेग खान आला, तोही मुहम्मद अलीच्याच मदतीने. दुसऱ्या वर्षी त्याच तेग बेग खानाने मुहम्मद अलीला कैदेत टाकलं आणि तिथेच त्याचा शेवट झाला.

सुरत कोणी बुडवली? आपल्या घरांत याचं उत्तर तयार असतं, इंग्रजांनी. काही घरांत उत्तर वेगळं असतं, मराठ्यांनी. शाळेच्या पुस्तकात सुरत येते ती १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांपुरती. पण त्या स्वाऱ्यांनंतरही सुरत सावरली आणि १७०० च्या सुमाराला भरभराटीत होती. दासगुप्तांनी कागद लावून दाखवलं की घसरण त्यानंतरची आहे. मुघल सत्ता खिळखिळी झाली. आग्रा-अहमदाबादकडून माल आणणारे रस्ते असुरक्षित झाले. गुजरातेत मराठी फौजांची चौथाई सुरू झाली, तो त्याचा एक भाग. पलीकडे १७२२ मध्ये इस्फहान पडलं, इराणची बाजारपेठ कोसळली. येमेनमध्येही गोंधळ होता. महसूल आटलेले सुरतेचे अधिकारी मग हाताशी असलेल्या श्रीमंतांना पिळू लागले. शतकाच्या मध्यावर जहाजं उरली वीसच्या आसपास. इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला तो १७५९ साली, बरंचसं घर आधीच पडलेलं असताना.

गफूरच्या घराला पिळणारे अधिकारी त्याच्याच धर्माचे होते. आणि त्याच्यासारख्यांच्या जहाजांत माल बऱ्याचदा हिंदू-जैन बनियांचा असायचा. इंग्रजांचा दलाल रुस्तम माणेक पारशी होता. १७३२ च्या बंडातही धर्मावरून रेघ ओढलेली दिसत नाही. व्हॉट्सॲपवर आपल्या सुवर्णकाळाच्या पोस्टी येतात, तशाच आपल्या छळाच्याही येतात. दासगुप्तांचा गफूर त्या दोन्हींत मावत नाही. मला तो आवडतो तो याच कारणाने. तो भांडखोर, हिशेबी माणूस होता. जिंकला, आणि त्याचं घर मोडलं ते त्याला सांभाळू शकेल असं राज्यच उरलं नाही म्हणून.

दासगुप्ता पुढे शांतिनिकेतनला विश्वभारतीत शिकवत होते, नंतर राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले, विश्वभारतीचे कुलगुरूही झाले. मोठी पदं होती. मला मात्र ते आठवतात ते हेगला परक्या भाषेतल्या कागदांवर वाकलेले.

आता एक घरची गोष्ट. आम्ही रत्नागिरीकडचे. माझ्या पणजोबांचा एका गलबतात हिस्सा होता, मुंबईला कौलं आणि नारळ जायचे. लहानपणी माळ्यावर लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांचा ढीग मी पाहिलाय. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा मी दहावीत होतो. रद्दीवाल्याला मीच हाक मारली, मीच वजन करून दिलं. त्या पैशांत आम्ही भावंडांनी आइसक्रीम खाल्लं. त्या गलबताचं नाव काय होतं, हे आज आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही. आणि आमच्या गलबताची नोंद ठेवायला शेजारी डच वखार नव्हती.

गेल्या ईदला कपाटामागे एक वही सापडली. पाणी लागलंय, पण अक्षर शाबूत आहे. मोडी लिपी आहे, मधेच कुठेतरी उर्दूत सही आहे. मी ती आणली आहे, इथे टेबलावर ठेवतो. कोणाच्या आजीला-आजोबांना मोडी वाचता येत असेल तर मला भेटा. हात मात्र कोरडे करून या.