परसातली माती आणि चुलीतली राख
(मंडळाच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मला परसबागेवर बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पुस्तकातले थोडे आणि हाताखालचे जास्त, असे बोलेन.

माझे माहेर पाटण तालुक्यातले, सासर इकडे मिरजेकडचे. 1960 पर्यंत आपल्या सांगली जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हणत. म्हणजे नावाने दोन्हीकडे साताराच. माती मात्र एक नाही. पाटणच्या डोंगरात माती तांबडी. धो धो पावसाने तिच्यातला चुना वाहून जातो आणि ती आंबट होते. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून बसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि चुना तिच्यात मुळातच भरपूर. माझी आई भाजीच्या आळ्यात चुलीतली राख घाली. तिथे ते बरोबरच होते, कारण राखेने आंबटपणा मोडतो. इथे तीच राख म्हणजे खारट झालेल्या आमटीत आणखी मीठ!

जास्वंदीची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे आपल्या आळीत पुष्कळ घरी दिसते. मातीत लोह असते, पण अशा मातीतून ते झाडाला घेता येत नाही. राखेने हा त्रास वाढतो.

दुसरी गोष्ट मोरीच्या पाण्याची. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो. तो काळ्या मातीत साठत गेला की तिची छिद्रे बुजतात आणि पाणी आत मुरत नाही. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला वारेमाप पाणी देऊन कितीतरी मळे खारपड झाले आहेत. जमिनीखालचे पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार तेवढा पांढरा होऊन मागे राहतो. मग तिथे ऊस नाही, की भाजी नाही. वेडी बाभूळ तेवढी माजते. मळा असा गेला की त्या घरच्या बाईला दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जावे लागते. हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून परसाच्या गोष्टीत मळ्याची गोष्ट आणली.

आपली माती चोपण आहे का, हे घरी पाहता येते. काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी घ्यावे. त्यात बोराएवढे वाळलेले ढेकूळ अलगद सोडावे, ढवळू नये. दुसऱ्या दिवशी ढेकळाभोवतीचे पाणी गढूळच राहिले तर माती चोपण समजावी. ढेकूळ नुसते फुटून खाली बसले आणि पाणी नितळ राहिले तर काळजी नको.

चोपण माती नुसत्या शेणखताने सुधारते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आधी पाणी निघून जायला चर हवा. मग माती तपासून सांगतील तेवढे जिप्सम घालावे. त्यानंतर पावसाळ्यात धैंचा पेरावा. तो क्षारातही तग धरतो. दीड महिन्याने फुलावर येण्याच्या सुमाराला तो कापून तिथेच मातीत गाडावा. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, तो फुकटचा.

बाकीच्यांना पालापाचोळा पुरे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर प्रयोग परिवारातून बागेतल्या पाल्यापासून माती करायला सांगत. आपण मात्र तो झाडून काडी लावतो! मळ्यात उसाचे पाचटही तसेच जळते, एकरी तीन-चार टन. नत्र धुरात जातो आणि हाती उरते पुन्हा राखच.

खड्ड्यापेक्षा ढीग बरा, कारण आपल्या काळ्या जमिनीत खड्ड्यात पाणी साचून कुजका वास सुटतो. भाजीच्या देठांचा एक थर, त्यावर दुप्पट वाळका पाला आणि मूठभर शेण. ओल पिळलेल्या फडक्याएवढी असावी. पंधरा दिवसांनी वरखाली करावे. तीन-चार महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत होते. त्याला पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो. खत घालताना मात्र वाफसा पाहावा. ओल्या काळ्या मातीत पाय घालून खुरपले की ती दगड होते.

पहिल्या पावसाचे पाणी प्रत्येकीने बाटलीत धरून ठेवावे आणि आपल्या परसातले एकेक वाळलेले ढेकूळ घेऊन यावे. मंडळाच्या ओट्यावर पेले मांडू.