फाळका लावून परत जाण्याची ताकद

(पिंपळगाव बसवंत येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



येवला, नांदगाव, मालेगाव, चांदवड अशा कोरड्या भागांतून तुम्ही आज इथे आलात. येताना रस्त्याच्या कडेने द्राक्षांच्या बागा पाहिल्या असतील. मनात आले असेल, की या बागाईतदारांच्या गावात आम्हा कापूस-ज्वारीवाल्यांना कशाला बोलावले? बागा दाखवायला नाही बोलावले. इथल्या बाजार समितीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्या दाखवायला बोलावले आहे.

कांद्याचा लिलाव इथे कसा होतो? ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेत लागतात. शेतकरी फाळका उघडतो. व्यापारी येतात, ट्रॉलीत हात घालून मूठभर कांदा उचलतात, बोली सुरू होते. मिनिटाभरात भाव फुटतो आणि मंडळी पुढच्या गाडीकडे सरकतात. वर्षभराच्या कष्टाचा निकाल त्या एका मिनिटात लागतो. शेतकऱ्याला त्यात एकच शब्द बोलायचा असतो, हो किंवा नाही.

'नाही' म्हणायची मुभा त्याला आहे. भाव पटला नाही तर माल द्यायचा नाही, गाडी घेऊन परत जायचे. कोणी हात धरत नाही. पण किती जण परत जातात? टोमॅटोवाला तर जाऊच शकत नाही. २० किलोच्या क्रेटमध्ये भरलेला पिकलेला माल परत नेऊन करणार काय? म्हणून भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतलेले दिसतात. उन्हाळ कांदेवाला चाळीत चार महिने थांबू शकतो. पण तोही किती दिवस थांबणार, हे त्याच्या कांद्यापेक्षा त्याच्या कर्जाच्या हप्त्यावर ठरते.

आजचे आमचे सांगणे एवढेच आहे. बाजारात फाळका उघडणे सोपे आहे. भाव पटला नाही तर फाळका लावून परत जाणे अवघड आहे. ज्याला फाळका लावता येतो, त्यालाच भाव मिळतो.

इंग्लंडमधली एक गंमत सांगतो. तिकडे रविवारी सकाळी माणसे घरातल्या जुन्या वस्तू मोटारीत भरतात आणि गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या शेतात जातात. मोटारी रांगेने लावायच्या, मागची डिकी उघडायची, की झाले दुकान. डिकीला ते बूट म्हणतात, म्हणून या बाजाराचे नाव कार बूट सेल. कपबश्या, पुस्तके, सायकली, हत्यारे, लहान मुलांचे कपडे, काय वाटेल ते विकायला असते. शेताचा मालक शेतकरी दर गाडीमागे जागाभाडे घेतो. वर्षातून १४ दिवसांपर्यंत असा तात्पुरता बाजार भरवायला त्याला सर्वसाधारणपणे वेगळी परवानगी काढावी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आमचा आठवडे बाजार हेच नाही का? बाजार तसाच आहे, विकणारा मात्र वेगळा आहे. तिकडच्या माणसाची जुनी सायकल विकली गेली नाही, तर तो ती पुन्हा डिकीत टाकतो आणि घरी जाऊन जेवतो. त्याच्या सायकलीवर सोसायटीचे कर्ज नाही. पुढच्या रविवारी पेरणीचे बियाणे आणायचे नाही. म्हणून तो हसत हसत घासाघीस करतो. आपल्या बाजारात हसतो कोण? घेणारा.

आता आपल्या मालाकडे या. कापसाच्या बाजाराला कुंपण फार जुने आहे. देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली वऱ्हाडात कारंजाला झाला, तो कापसाचाच. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली. जवळजवळ तीस वर्षे आपण पिकवलेला कापूस सरकारशिवाय दुसऱ्या कोणाला विकता येत नव्हता. गाडी जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर काढली की आपणच चोर. आमच्या पिढीने ते दिवस पाहिले आहेत.

ते कुंपण गेले. पण आज काय चालते? खेडा खरेदी. व्यापाऱ्याचा टेम्पो गावात येतो, अंगणात उभा राहतो. काटा त्याचा, माणसे त्याची, भावही त्याचाच. पूर्वी आपण गाडी घेऊन बाजारात जात होतो, आता बाजारच गाडी घेऊन दारात येतो. सोय झाली खरी, पण नीट बघा. फाळका कोणाच्या गाडीचा आहे? त्याच्या. आपल्या अंगणात उभा राहून तो म्हणू शकतो, 'नाही परवडत', आणि फाळका लावून निघून जातो. आपल्याला आपले घर उचलून कुठे नेता येते? खेडा खरेदीला आमचा विरोध नाही. पण गावात एक तरी शिक्का मारलेला आपला काटा असावा आणि त्याच्या काट्यावर चढण्याआधी कापूस आपल्या काट्यावर चढावा. वजन आपल्याला माहीत असले, तरच भाव नाकारता येतो.

ज्वारीचे आम्ही काय करून पाहिले, ते सांगतो. गावातल्या पाच घरांनी मिळून एक पिकअप ठरवली. ज्वारी चाळली, पाखडली, १० आणि ३० किलोच्या पिशव्या भरल्या आणि बागाईत भागातल्या एका आठवडे बाजारात गाडी लावली. पहिली अडचण भावाची नव्हती, लाजेची होती. आम्ही पाटलाची, देशमुखाची पोरे, तागडी धरून हाका कशा मारायच्या? ओळखीचे कोणी दिसले की आम्ही गाडीच्या आड. त्या दिवशी निम्म्याहून जास्त माल परत आला.

पुढच्या खेपेला घरातल्या बायका बरोबर आल्या. मायबहिणींना बाजारात बसायची लाज नाही. अंडी, भाजी, कोंबड्या विकून त्यांनी आजवर मीठमिरची चालवली आहे. त्यांनी गाडीशेजारी चूल मांडली आणि त्याच ज्वारीच्या भाकरी थापल्या. गिऱ्हाइकाच्या हातावर भाकरीचा तुकडा आणि जरा ठेचा. पिशव्या हलायला लागल्या. जी गोष्ट आम्हाला दिवसभर सांगता आली नव्हती, ती एका तुकड्याने सांगितली.

कोणी घाबरवेल, की असे विकणे कायद्यात बसत नाही. घरच्या खाण्यासाठी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला शेतकऱ्याने आपला माल किरकोळीत विकायला १९६३ च्या बाजार समिती कायद्यानेही मनाई केलेली नव्हती. २०१६ साली फळे आणि भाजीपाला नियमनातून बाहेर निघाला. त्याच वर्षी सरकारने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू केले. पुण्या-मुंबईत शेतकऱ्यांचे गट गाडीतून थेट विकू लागले. तेव्हा भीती सोडा. काट्यावर वैधमापनाचा शिक्का असू द्या, बाजारपट्टीची पावती मागून घ्या आणि उभे राहा.

पण हिशेब केल्याशिवाय उभे राहू नका. भावनेवर गाडी चालत नाही, तिला डिझेल लागते. समजा, पिकअपमध्ये १५ क्विंटल ज्वारी भरली आणि व्यापाऱ्यापेक्षा क्विंटलमागे ५०० रुपये जास्त मिळाले. सगळी विकली तर ७,५०० रुपये वरचे. गाडीभाडे ३,०००, दोन माणसांची मजुरी १,०००, पिशव्या, बाजारपट्टी, चहापाणी ५००. खर्च ४,५०० झाला, उरले ३,०००. आता समजा, निम्मीच विकली. वरचे मिळाले ३,७५०, खर्च तोच ४,५००. म्हणजे ७५० रुपये अंगावर. उरलेली ज्वारी घरात आहे, ती कुठे जात नाही. पण हे ७५० रुपये म्हणजे 'नाही' म्हणण्याची किंमत आहे. ती सोसता आली तरच फाळका लावता येतो.

ती किंमत कमी कशी करायची? गाडी रिकामी परत आणायची नाही. इथेच पिंपळगावचा उपयोग आहे. या भागात बाग तोडली की लोखंडी अँगल निघतात, तारा निघतात, ठिबकच्या नळ्या निघतात. क्रेट असतात, फवारणीचे पंप असतात. बागाईतदाराला ते अडचण वाटते, भंगारवाला किलोवर नेतो. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच वस्तू उपयोगाच्या आहेत. शेततळ्यावरच्या एकरभर कापसाला जुनी नळी चालते, शेळ्यांच्या गोठ्याला जुना अँगल चालतो. जाताना ज्वारी न्या, येताना हे आणा. येणाऱ्या मालाने भाड्याचे १,५०० उचलले, तर निम्मा माल परत आला तरी ७५० रुपयांचा तोटा जाऊन ७५० रुपये शिल्लक राहतात. म्हणजे 'नाही' म्हणणे फुकट पडते.

जुने घेताना आम्ही ठेचा खाल्ल्या आहेत, त्या तुम्ही खाऊ नका. ठिबकच्या नळ्यांची बंडले पाणी न सोडता घेतली. घरी आल्यावर निम्मी छिद्रे क्षाराने बंद. आम्लाचे पाणी सोडून काही उघडली, काही फेकून दिली. नळी घ्यायची तर पाणी सोडून बघायची, उन्हाने चिरली आहे का ते वाकवून बघायचे. दुसरी ठेच मोठी होती. आमच्यातल्या एकाने कागदाशिवाय स्वस्तात पाण्याची मोटार घेतली. महिनाभराने खरा मालक ओळख पटवायला हजर. मोटार गेली, पैसे गेले, वर ठाण्याच्या चकरा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा कायद्याने गुन्हेगारच ठरतो, आणि आपल्याला माहीत नव्हते हे पटवून देताना चपला झिजतात. म्हणून साध्या कागदावर का होईना, विकणाऱ्याचे नाव, गाव, सही, वस्तूवरचा नंबर आणि दोन साक्षीदार घ्या. जो कागद द्यायला कां-कूं करतो, त्याच्या समोरून उठा. फाळका लावायचा अधिकार घेणाऱ्यालाही आहे.

जुन्या वस्तूचे आणखी एक सांगायचे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची सर्वांत मोठी जुनी वस्तू कोणती? थकलेला बैल. ऐकायला कठोर वाटेल, पण बोलणे भाग आहे. म्हातारा बैल विकून आलेल्या पैशात थोडी भर घालायची आणि तरणा बैल आणायचा, हे आपले बँकिंग होते. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. त्याबरोबर म्हाताऱ्या बैलाचे गिऱ्हाईक गेले. बैलावर आमची माया आहे, पोळ्याला आम्हीच त्याच्या पाया पडतो. पण जुने विकायची वाट बंद झाली, की नवे घेण्याची ऐपतही जाते. ज्यांनी कायदा केला त्यांनी त्याच्या वैरणीचा हिशेब केला नाही. कित्येकांनी बैल मोडून भाड्याचा ट्रॅक्टर धरला, आणि घरच्या कुळवाचे काम रोखीच्या खर्चात गेले.

तेव्हा इथून जाताना चार गोष्टी ठरवून जा. एक, गावात शिक्क्याचा एक सामाईक काटा. दोन, पाच-सात घरांची मिळून एक गाडी, जाताना भरलेली आणि येताना भरलेली. तीन, सगळा माल एका दिवशी एका बाजारात नाही. चार, हप्त्यासाठी घाईने ज्वारी विकायची वेळ आली, तर आधी बाजार समितीत जाऊन शेतमाल तारण कर्जाची चौकशी करा. ही पणन मंडळाची योजना १९९०-९१ पासून आहे, तिच्यात ज्वारी बसते, व्याज सहा टक्के, मुदत सहा महिने. समितीच्या गोदामात जागा नाही असे सांगतील. तर ते लेखी द्या म्हणा. गोदाम म्हणजे काय? सहा महिने लावून ठेवलेला फाळका.

हे केल्याने कापसाला भाव मिळेल असे आम्ही म्हणत नाही. कापसाचा भाव जिथे ठरतो, तिथवर आपली पिकअप पोचत नाही. ती लढाई वेगळी आहे आणि ती एकजुटीनेच लढावी लागेल. पण लढाईला जायचे तर माणसाला 'नाही' म्हणायची सवय हवी. ज्याने आठवडे बाजारात दहा पायल्या ज्वारीला पडेल भाव नाकारला आणि माल परत आणला, तोच उद्या शंभर गाड्यांच्या रांगेत उभा राहून 'नाही' म्हणेल.

पहिल्या खेपेला आमची गाडी निम्मी भरलेली परत आली, तेव्हा वेशीवर लोक हसले होते. म्हणाले, बाजार करून आले आणि माल तसाच! आम्हीही खाली मान घालून उतरलो. आज आमच्या गावात माल परत आणणाऱ्याला कोणी हसत नाही. उलट विचारतात, 'काय भाव मागितला होता?'

तुमच्या गावातही हा प्रश्न विचारला जाऊ द्या.