ठेव आणि रोजची मजुरी
(संस्थेच्या विद्यार्थी शिबिरात दिलेले व्याख्यान)



गेल्या वर्षी याच शिबिरात मी विजेच्या काटकसरीविषयी बोललो होतो. बोलणे संपल्यावर आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, कोळसा जर इतका वाईट आहे, तर तुम्ही तीस वर्षे तो का जाळला?" मी औष्णिक वीज केंद्रात बॉयलर विभागात नोकरी केली, हे तिने प्रास्ताविकात ऐकले होते. तेवढ्यात चहा आला, पाहुणे उठले आणि माझे उत्तर राहून गेले. खरे सांगायचे तर चहा आला म्हणून मी सुटलो. यंदा कार्यकर्त्यांनी 'ऊर्जेचे संपणारे आणि न संपणारे स्रोत' हा विषय दिला, तेव्हा मी लगेच होकार दिला. ती मुलगी आता नववीत आहे आणि तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचे देणे आज फेडायचे आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. आमच्या पिढीच्या पुस्तकांत 'पारंपरिक' आणि 'अपारंपरिक' ऊर्जा असे दोन कप्पे असत. कोळसा, तेल पारंपरिक. सूर्य, वारा अपारंपरिक. मला ही विभागणी कधी पटली नाही. ज्या सूर्यावर आपल्या आज्या पापड वाळवत आल्या, तो अपारंपरिक कसा? आणि धरणाची वीज तर पारंपरिकही आहे आणि न संपणारीही. म्हणून आज आपण ते शब्द बाजूला ठेवू. तुमच्या घरातला हिशेब घेऊ.

समजा, आजोबांनी पेटीत काही रक्कम ठेवली आहे. तिच्यात भर पडत नाही. काढाल तेवढी कमी होते. ही झाली ठेव. दुसरीकडे वडील रोज कामावर जातात आणि संध्याकाळी मजुरी आणतात. आजची खर्च झाली तरी उद्याची येणार. मात्र एका दिवसात एका दिवसाचीच मिळते, आणि पावसाने काम बंद राहिले तर त्या दिवशी मिळत नाही. कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू, युरेनियम ही पृथ्वीच्या पेटीतली ठेव आहे. ऊन, वारा, वाहते पाणी ही रोजची मजुरी आहे. पहिल्याला अनवीकरणीय स्रोत म्हणतात, दुसऱ्याला नवीकरणीय.

या पेटीत ठेव कोणी टाकली? कोळशापुरते उत्तर आहे, सूर्याने. सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी आपल्या चंद्रपूरच्या, वर्धा खोऱ्याच्या भागात दलदलीची जंगले होती. माणूस नव्हता, डायनोसॉरसुद्धा यायचे होते. झाडांनी ऊन खाऊन लाकूड केले, झाडे चिखलात पडली, त्यांच्यावर गाळाचे थर चढले, दाब आणि उष्णता यांनी त्यांचा कोळसा झाला. त्या काळच्या एका वनस्पतीचे नाव ग्लॉसोप्टेरिस. जिभेसारखे लांबट पान. ते पान आजही दगडावर उमटलेले सापडते. या खडकांना जगभरचे भूशास्त्रज्ञ 'गोंडवाना' म्हणतात. ते नाव आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे. परदेशातल्या विद्यापीठांत शिकवला जाणारा शब्द गोंड राजांच्या मुलखातून गेलेला आहे, हे लक्षात असू द्या.

तर जे साठायला कोट्यवधी वर्षे लागली ते आपण शे-दोनशे वर्षांत उकरून काढतो आहोत. कोळसा आजही कुठेतरी तयार होत असेल, पण आपली उपसण्याची गती आणि त्याची तयार होण्याची गती यांचा मेळच नाही. नवीकरणीय की अनवीकरणीय, हे त्या गतीवर ठरते. वस्तूच्या नावावर नाही. हे मी पुन्हा सांगणार आहे.

आता माझ्या कामाची जागा दाखवतो. खाणीतून आलेला कोळसा चक्कीत टाल्कम पावडरीसारखा बारीक दळतात. तो भुकटीचा कोळसा गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकला जातो आणि भडभडून पेटतो. भिंतीतल्या नळ्यांमधल्या पाण्याची वाफ होते, ती आणखी तापवून सुमारे ५४० अंशांपर्यंत नेतात. त्या वाफेच्या दाबाने टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज देते. धरणावर तेच चाक पाणी फिरवते, पवनचक्कीत वारा फिरवतो. तारापूरला १९६९ पासून देशातले पहिले अणुवीज केंद्र आहे, तिथेही अणूच्या उष्णतेने वाफच करतात. छतावरच्या सौर पॅनेलमध्ये मात्र काहीच फिरत नाही. ऊन पडले की वीज वाहू लागते. मला तर आयुष्यभराच्या घरघरीनंतर ते पॅनेल पाहून जरा चुकल्यासारखेच वाटते.

एक युनिट वीज तयार करायला आपल्याकडचा साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. जुना १०० वॉटचा दिवा दहा तास जाळला की एक युनिट होते. आताचा ९ वॉटचा एलईडी दिवा त्याच युनिटात शंभर तासांहून अधिक चालतो. त्या कोळशातून पाव किलोच्या आसपास राख उरते, कारण आपल्या कोळशात राखेचे प्रमाण फार. आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सातशे ग्रॅम कोळशातून एक किलो वायू कसा, असे कोणी विचारले नाही? कोळशातला कार्बन हवेतला ऑक्सिजन उचलून बरोबर नेतो. हाच वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा पसरून उष्णता अडवतो.

एवढे सगळे असताना कोळसा का जाळला? याचे उत्तर त्याच एका युनिटात आहे. धडधाकट मजूर दिवसभर, आठ तास, सतत काम करत राहिला तरी त्याच्या अंगमेहनतीची ऊर्जा पाऊण युनिटही भरत नाही. म्हणजे भिंतीवरच्या मीटरचा आकडा एकाने पुढे सरकला, की एका माणसाच्या दिवसभराच्या घामापेक्षा जास्त काम झाले. पाणी शेंदणे, दळणे, ओझी वाहणे ही कामे आपल्या आजी-आजोबांच्या अंगावर होती. ती वीज करू लागली तेव्हा त्यांच्या नातवंडांना शाळेत बसायला वेळ मिळाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते, हे आपल्याच लोकांना अनेकदा माहीत नसते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मुद्दा मांडला तो हा, की देशाला स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याखेरीज उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योग उभे राहिल्याखेरीज दारिद्र्याचा फेरा सुटणार नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची बोलणी त्यांच्याच काळात झाली. ते महामंडळ १९४८ मध्ये उभे राहिले. आणि तेच बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींवर गेले, मजुरांची राहण्याची जागा पाहिली. १९४४ च्या सुरुवातीस खाण कामगारांसाठी कल्याण निधी सुरू झाला. वीज हवी, पण ती कोणाच्या जिवावर निघते तेही पाहायचे, असा त्यांचा दुहेरी हिशेब होता.

मित्रांनो, कोळसा मी नोकरीच्या आधीपासून ओळखतो. आम्ही भुसावळचे. कोळशाच्या इंजिनांचे दिवस होते. इंजिनांच्या भट्टीतून झाडलेल्या राखेत अर्धवट जळलेले खडे असत. शाळेआधी मी आणि माझी बहीण टोपली घेऊन ते वेचायला जायचो. हातपाय काळे घेऊनच मी वर्गात बसायचो. ते खडे आणि जमेल तेवढा काटक्या-कुटक्यांचा जाळ यांवर आईची शेगडी पेटायची. खोली दहा बाय दहा. धूर जायला कौलांतली एक फट. आई पन्नाशीच्या आतच खोकून खोकून गेली. डॉक्टर तिला म्हणाले होते, "बाई, बिडी सोडा." तिने आयुष्यात बिडी ओढली नव्हती.

म्हणून सांगतो, 'नवीकरणीय म्हणजे चांगले, अनवीकरणीय म्हणजे वाईट' असे परीक्षेतसुद्धा लिहू नका. लाकूड नवीकरणीय आहे, तेही झाड वाढते त्या गतीनेच तोडले तर. पण त्याच्या धुराने बाईच्या छातीचा भाता होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० या एका वर्षात घरातल्या चुलीच्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. उलट सिलिंडरमधला गॅस ठेवीतला आहे, संपणारा आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत तो गरिबांच्या घरी पोहोचू लागला. सिलिंडर पुन्हा भरून घेण्याइतके पैसे दर वेळी हातात नसतात, हा भाग वेगळा. पण ज्या घरी तो आला त्या घरची पोर धुरात बसत नाही. माझ्या दृष्टीने ते मोठे काम आहे.

पाण्याचेही तसेच. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातल्या वीजगृहातून कोकणात उतरते आणि १९६० मेगावॉट क्षमतेचे संच चालवते. १९६२ पासून तिथून वीज मिळते आहे. पाऊस पडतो तोवर मिळत राहील, धूर नाही. पण त्या धरणाखाली गावे गेली. जी माणसे उठली त्यांच्या नातवंडांनाही हक्काच्या जमिनीसाठी आंदोलने करावी लागली. आणि ठेवीतल्या कोळशालाही पाणी लागतेच. वाफ पाण्याचीच ना? २०१५ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

साताऱ्याहून चाळकेवाडीच्या पठारावर कधी सहल गेली तर पवनचक्क्या बघा. पावसाळ्यात तिथला वारा माणसाला उभे राहू देत नाही. वर्षातली भरघोस वीज त्याच महिन्यांत मिळते. सौर पॅनेलचे गणित सोपे आहे. एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि चांगल्या उन्हाच्या दिवशी त्यातून चार युनिटे निघतात. अडचण आहे ती मजुरीची जी असते तीच. दिवसा मिळते, आणि खर्च रात्री. मग साठवायचे कसे? एक उपाय बॅटरी. दुसरा तुम्हाला ऐकून गंमत वाटेल. भंडारदऱ्याजवळ घाटघरला एक धरण वर आणि एक खाली कोकणात आहे. वीज शिल्लक असते तेव्हा पंपाने पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज काढतात. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, थोडी घट येतेच. पण वेळेला मिळते.

२०२५ च्या मध्याला आपल्या देशाने एक टप्पा गाठला. वीज केंद्रांच्या एकूण क्षमतेपैकी निम्म्याहून अधिक क्षमता कोळसा-तेल-वायूशिवायची झाली, त्यात मोठी धरणे आणि अणुवीजही धरली आहे. बातमी खरी आहे आणि आनंदाची आहे. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. सौर पॅनेल रात्री बसून राहते. प्रत्यक्षात वापरलेल्या दर दहा युनिटांपैकी सुमारे सात युनिटे अजून कोळशाचीच असतात. आज एका दिवसात सगळी बॉयलरे विझवली तर पहिला अंधार कुठल्या वस्तीत होईल, हे मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी बोलतो. २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. घराच्या छतावर तीन किलोवॉट किंवा अधिक क्षमता बसवली तर ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ज्यांचे स्वतःचे पक्के छत आहे त्यांनी जरूर चौकशी करावी. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने काय करायचे? पत्र्याच्या झोपडीवर पॅनेल कसे बसायचे? ऊन सगळ्यांवर सारखे पडते हे खरे. छत सगळ्यांना सारखे नाही. माझी संस्थेला विनंती आहे की आपल्या सभागृहाच्या गच्चीचे माप घ्या. अभ्यासिकेचे पंखे आणि दिवे यांना पाच-सहा युनिटे पुरतात. तेवढ्याला दोन किलोवॉट पुष्कळ झाले.

आता तुझे उत्तर, बेटा. मी कोळसा जाळला, कारण माझ्या आईच्या खोलीत दिवा नव्हता आणि त्या वेळी दिवा देणारी दुसरी वस्तू आमच्या हाताशी नव्हती. त्याची राख कुणाच्या शेतावर पडते आणि धूर कुठे जातो, हे मी नोकरीत असताना पुरेसे विचारले नाही. ते माझे चुकले. तुझ्या हाताशी दुसरी वस्तू आहे. माझ्या केंद्रात अजून शेकडो कंत्राटी मजूर आहेत. बॉयलर बंद होतील तेव्हा त्यांनी कोणते काम शिकायचे, हा प्रश्न तू मोठी होशील तेव्हा तुझ्यापुढे येईल. माझ्याकडे त्याचे तयार उत्तर नाही.

सकाळी साडेनऊला मी बाहेरच्या अंगणात एक सूर्यचूल मांडून आलो आहे. आतून काळी केलेली पेटी, वर दुहेरी काच, उन्हाकडे केलेला आरसा. त्यात डाळ-तांदूळ ठेवले आहेत. मध्ये थोडा वेळ ढग आला होता, तेव्हा शिजले असतील की नाही हे मलाही ठाऊक नाही. रांगेने चला, काचेला हात लावू नका, तापलेली असेल.