आवाजाचा डबा आम्ही कसा लावला

मागच्या वेळी लोणच्याच्या बरण्यांबद्दल बोललो होतो, आज होम थिएटरबद्दल बोलणार आहोत. हसू नका. हे होम थिएटर आमच्या गटाच्या पैशातून आलं आणि त्याच्यापायी आमचा गट मोडायला आला होता, म्हणून सांगतो.

आम्ही अकरा जणी. आमच्या कोषाध्यक्ष ताईंच्या दिरांनी पुण्यात घर बदललं, तेव्हा त्यांचा जुना संच साडेआठ हजारांना द्यायला ते तयार झाले. ताई म्हणाल्या, समाजमंदिरात टीव्ही आहेच. ग्रामसंघाच्या प्रशिक्षणाच्या फिल्मा दाखवू, बारशाला, हळदीकुंकवाला भाड्याने देऊ. तिघींचा विरोध होता, पण ठराव झाला आणि पैसे दिले.

संच म्हणजे काय, तर पाच स्पीकर, एक जाड आवाजाची पेटी आणि एक काळा जड डबा. त्या डब्याला रिसीव्हर म्हणतात. टीव्हीचा, पेनड्राइव्हचा आवाज तो घेतो आणि कुठल्या स्पीकरला काय द्यायचं ते ठरवतो. आम्ही त्याला डबाच म्हणतो.

पहिला कार्यक्रम ठेवला स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीच्या फिल्मचा. पुरुषांना बाहेर काढलं, दार लावलं, चाळीसेक बायका सतरंजीवर बसल्या. फिल्म सुरू झाली आणि नुसतं संगीत! ढम ढम ढम. डॉक्टरीणबाईंचे ओठ हलतात, हात दाखवतात, पण शब्द जणू विहिरीतून येतो. आवाज वाढवला तर संगीतच वाढलं. पोरं रडायला लागली. वीस मिनिटांत निम्म्या बायका उठून गेल्या. ज्या विषयावर गावात कुणी तोंड उघडत नाही, त्यासाठी बायका मोठ्या मुश्किलीने जमल्या होत्या.

पुढच्या बैठकीत सगळं कोषाध्यक्ष ताईंवर आलं. दिराचं भंगार गटाच्या गळ्यात मारलं, असं एक जण म्हणाली. साडेआठ हजार त्यांच्या बचतीतून वळते करा, असं दुसरी म्हणाली. आम्ही बाकीच्या गप्प बसलो. ताई दोन बैठका आल्याच नाहीत. तालुक्याचा एक दुरुस्तीवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, डबा गेलाय, नवा घ्या.

आमच्यातल्या एकीची मुलगी बारावीला आहे. तिने डब्याच्या मागचा नंबर मोबाइलवर टाकला आणि त्याचं माहितीपुस्तक उतरवून घेतलं. सगळं इंग्रजी. आम्ही पाच जणी दुपारी समाजमंदिरात बसलो, ती वाचायची, आम्ही रिमोट दाबायचो. एक गोष्ट मात्र आम्ही शहाणपणाने केली. काहीही बदलायच्या आधी, आहे त्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. बिघडलं तर परत तसंच लावता येईल. तुम्हीही हे आधी करा.

रिमोटवरचं सेटअपचं बटण दाबलं की टीव्हीवर यादी येते. त्यात स्पीकर सेटअप. त्यात सेंटर म्हणून एक ओळ होती, पुढे लिहिलेलं ‘येस’. मुलीने विचारलं, मावशी, सेंटर कुठाय? आम्ही एकमेकींकडे बघितलं. मधला लांबट स्पीकर टीव्हीपुढे मावेना, वायरही आखूड, म्हणून तो आम्ही खोक्यातच ठेवला होता. पाचांतले दोनच स्पीकर आणि जाड आवाजाची पेटी लावली होती.

आणि तिथेच सगळं होतं बघा. बोलण्याचा आवाज मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतो. डब्याला वाटत होतं की मधला स्पीकर जोडलेला आहे. म्हणून डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं तो इमानेइतबारे तिकडे पाठवत होता. पंगतीत ज्या पाटावर कुणी बसलंच नाही, त्या पाटावर ताट वाढत राहावं तसं. डबा चांगला होता, दुरुस्तीवाला चुकला होता, आणि आम्ही तर त्याहून जास्त.

सेंटरपुढे ‘नन’ केलं, मागच्या दोघांपुढेही ‘नन’ केलं. तेच बोलणं लगेच डाव्याउजव्या स्पीकरमधून खणखणीत यायला लागलं. आमच्यातली एक चक्क टाळ्या वाजवायला लागली. संध्याकाळी आम्ही पाचही जणी कोषाध्यक्ष ताईंच्या घरी गेलो. काय बोलायचं ते सुचेना. चहा झाला, मग जिने वळते करा म्हटलं होतं तिनेच, चुकलं ताई, म्हटलं. ताई म्हणाल्या, ते इतिवृत्तात लिहा. लिहिलं.

पुढच्या महिन्यात लांब वायर आणून पाचही स्पीकर लावले आणि सेंटर परत ‘येस’ केलं. वायर जोडताना आधी मेन स्विच बंद करायचा. लाल टोक लाललाच, काळं काळ्यालाच, आणि तारेचा एक केससुद्धा शेजारच्या टोकाला लागू द्यायचा नाही, नाहीतर डबा स्वतःला वाचवायला बंद पडतो. ‘लार्ज’ की ‘स्मॉल’ असंही विचारतो. आमच्यात यावरून वाद झाला, आपले स्पीकर लहान का म्हणायचे म्हणून. पण ‘स्मॉल’ केलं की जाड आवाज पेटीकडे जातो आणि बारक्या स्पीकरवरचा भार कमी होतो. यात कमीपणा नाही.

मग अंतर. वीज चमकते आणि गडगडाट नंतर येतो ना? चमकल्यापासून गडगडेपर्यंत तीन सेकंद मोजले तर वीज साधारण एक किलोमीटरवर. आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर चालतो. म्हणून जवळच्या स्पीकरचा आवाज आधी येतो, लांबचा मागून. प्रत्येक स्पीकर बसणाऱ्यांपासून किती लांब, ते डब्याला सांगितलं की तो जवळच्याला तेवढा वेळ थांबवून ठेवतो. काही डब्यांबरोबर छोटा माइक येतो. तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवून पंखा बंद केला, की डबा स्वतःच मोजतो. आम्हाला माइक मिळाला नव्हता. शिवणकामाच्या टेपने मोजलं. डावा ११ फूट, उजवा १४, कारण उजवीकडे दार आहे.

त्यानंतर टेस्ट टोन. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज एकेका स्पीकरमधून फिरतो. मधे बसून ऐकायचं आणि सगळे सारखे होईपर्यंत लेव्हल कमीजास्त करायची. ऐकायला आम्ही मुद्दाम आमच्यातल्या सर्वांत थोरल्या आजींना बसवलं, त्यांना कमी ऐकू येतं. मधला स्पीकर बाकीच्यांपेक्षा थोडा चढा ठेवा, असं त्यांनीच सांगितलं. पुस्तकात तसं नव्हतं, पण आमच्या गावाला तेच बरोबर पडलं.

आवाजाचे आकडे उणे असतात, त्यानेही घोळ झाला. उणे ४० पेक्षा उणे ३० मोठा. कर्जासारखं समजा, शून्याजवळ येईल तेवढं बरं, म्हणजे तेवढा मोठा आवाज. चालू करताच पोरांनी केलेल्या मोठ्या आवाजाने दचकायला नको, म्हणून कमाल आवाजाला मर्यादा घालायची सोय असते, ती वापरा. ओठ आधी आणि शब्द नंतर की उलटं, तेही बघा. टीव्हीला चित्र तयार करायला वेळ लागतो, त्यामुळे शब्द आधी येतात. ऑडिओ डिले वाढवत जायचं. आमचं ८० वर जमलं.

एकदा चर्चेसाठी फिल्म थांबवली आणि डबा आपोआप बंद झाला. लाइट गेली म्हणून सगळ्या बाहेर. ते ऑटो स्टँडबाय होतं, बराच वेळ आवाज नसला की झोपतो. बंद करून टाकलं. दुसऱ्यांदा बंद पडला तो आमच्याच एकीच्या क्रोशाच्या रुमालामुळे. डब्याला वरून वारा लागतो आणि आपण तर टीव्हीपासून फ्रिजपर्यंत सगळ्यावर रुमाल घालतो. रुमाल आता टेबलाखाली आहे, ती अजून थोडी नाराज आहे.

बारशाला भाड्याने देतो तेव्हा रात्री दहाला बंद, ही अट आम्ही लेखी घेतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे. वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजारी आजारी माणूस असेल तर त्याच्यासाठी दहाचीही वाट बघत नाही. आणि संच परत आला की फोटो बघून सेटिंग तपासतो, कारण कुणीतरी ते बदललेलं असतंच.

ती कर्करोगाची फिल्म आम्ही परत लावली. या वेळी तीसच बायका आल्या, पहिल्या वेळचा अनुभव होता ना. दार लावलं, पंखा कमी केला. मधेच मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून पुढे आली. आम्हाला वाटलं, निघाली. ती टीव्हीजवळ बसली आणि म्हणाली, "काखेत गाठ म्हणाली ना ती? तेवढंच परत लाव गं, पोरी."

मुलीने परत लावलं. दोनदा.