बोलल्यावांचून राहवत नाहीं
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. महोत्सवाच्या सभेंत गतकाळाचें गुणगान करणें हा शिष्टाचार आहे, आणि तें कार्य आमच्याहून अधिक योग्य वक्त्यांनीं आतांच पार पाडलें आहे. म्हणून आम्हीं असा एक विषय निवडला आहे कीं, ज्याचें साधन येथें बसलेल्या बहुतेकांच्या खिशांत किंवा पिशवींत या क्षणींही आहे. आपलें मत चारचौघांस सांगितल्यावांचून मनुष्याला राहवत नाहीं, तें कां? पूर्वीं हा प्रश्न चावडीचा, पाराचा आणि मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर रेंगाळणाऱ्या मंडळींचा होता. आतां मोबाइलमुळें तो घरोघरचा झाला आहे. निवडणूक असो, क्रिकेटचा सामना असो, शेजारच्या गांवांतलें लग्न असो, कीं हजारों कोसांवरचें युद्ध असो, त्यावर आपलें कांहीं म्हणणें आहे असें ज्याला त्याला वाटतें, आणि तें त्याच घटकेला जगापुढें मांडल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं.

कित्येक वडीलधारे याचें उत्तर एका शब्दांत देतात: अहंकार. दुसरे कित्येक म्हणतात, रिकामपण. या उत्तरांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तीं अपुरीं आहेत. कारण ही ओढ मोबाइलाहून फार जुनी आहे, आणि तिनें जगांत जितका गोंगाट केला आहे तितकेंच मोठें हितही केलें आहे.

रोम शहराचेंच उदाहरण घ्या. तेथें पियाझा नवोना या चौकाजवळ संगमरवराचा एक प्राचीन, झिजून विद्रूप झालेला पुतळा आहे. लोक त्याला पास्क्विनो म्हणतात. ओलिविएरो काराफा या कार्डिनलांनीं तो १५०१ सालीं तेथें उभा केला. पुढें रात्रीच्या अंधारांत कोणीतरी यावें, पोपमहाराजांवर अथवा कार्डिनलांवर टीका करणाऱ्या चार ओळी कागदावर लिहून त्याला चिकटवाव्या, आणि सकाळीं साऱ्या शहरानें त्या वाचून हंसावें, असा परिपाठ पडला. सहावे एड्रियन १५२२ आणि १५२३ या सालीं परमगुरुपदीं होते. त्यांनीं हा पुतळा टायबर नदींत फेंकून देण्याचें मनांत आणलें होतें. पण नदींतले बेडूकही तेंच ओरडूं लागतील असें कोणीतरी सुचविल्यावर तो बेत रहित झाला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यांतलें मर्म खरें आहे. ज्यांना सभेंत बोलण्याचा अधिकार नव्हता, त्यांनीं दगडाच्या तोंडून आपलें म्हणणें सांगितलें. पांचशें वर्षें उलटून गेलीं, तरी त्या पुतळ्याजवळ आजही लोक कागद लावतात.

आपल्या महाराष्ट्रांत ही वाट छापखान्यानें उघडली. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' हें पत्र सुरू केलें. वर्तमानपत्र वाचण्याची संवयच ज्या लोकांस नव्हती, त्यांच्यासाठीं तें काढण्याचें धाडस विशीच्या आसपासच्या एका तरुणानें केलें. पुढें १८४८ पासून भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकर' पत्रांत गोपाळ हरि देशमुख यांनीं 'लोकहितवादी' या टोपणनांवानें शंभराहून अधिक पत्रें लिहिलीं. सरकारी नोकरींत असलेल्या गृहस्थाला स्वतःच्याच समाजाचे दोष उघडे करण्याची काय गरज होती? पगार वाढणार नव्हता. उलट रोष मात्र पदरीं पडणार होता. तरी त्यांस लिहिल्यावांचून राहवलें नाहीं.

याहूनही बोलकें उदाहरण ताराबाई शिंदे यांचें आहे. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण विधवेवर आपलें नवजात मूल मारल्याचा खटला होऊन तिला फांशीची शिक्षा झाली. ती पुढें कमी करण्यांत आली. या निमित्तानें वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतीवर जें तोंडसुख घेतलें गेलें, तें बुलढाण्यास राहणाऱ्या ताराबाईंच्या वाचनांत आलें. शिक्षा झाली ती एकट्या बाईला. तिला त्या अवस्थेस आणणाऱ्या पुरुषाविषयीं आणि पुनर्विवाहाची बंदी घालणाऱ्या रूढीविषयीं कोणी अवाक्षर काढीना. तेव्हां ताराबाईंनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें लहानसें पुस्तक लिहिलें, आणि तें १८८२ सालीं पुण्यास छापलें गेलें. लोकांनीं त्यांची निंदा केली. जोतीराव फुल्यांनीं त्यांचा कैवार घेतला. पुढें तें पुस्तक विस्मृतींत गेलें, आणि १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रकाशांत आणलें. म्हणजे त्या बाईंच्या बोलण्याला कान मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं! याला अहंकार कोण म्हणेल? आपल्यासमोर खोटें अथवा अन्यायाचें बोललें जात असतां गप्प राहणें म्हणजे त्याला संमति देणेंच होय, ही जाणीव मनुष्याला बोलावयास लावते. मत मांडण्याच्या ओढीचें हें पहिलें आणि सर्वांत थोर मूळ आहे.

परंतु तें एकच मूळ नाहीं. अलीकडच्या शास्त्रज्ञांनींही या प्रश्नाचा विचार केला आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत डायाना टॅमिर आणि जेसन मिचेल यांनीं कांहीं प्रयोग करून ते २०१२ सालीं प्रसिद्ध केले. स्वतःविषयीं व स्वतःच्या मतांविषयीं सांगावयाचें, कीं दुसऱ्या विषयावरील प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें, अशी निवड माणसांपुढें ठेवून प्रत्येक पर्यायास थोडे पैसे लावले होते. पुष्कळांनीं पदरचा लाभ सोडून स्वतःविषयीं सांगणेंच पत्करिलें. तसें करतांना मेंदूचे जे भाग जागृत होतात, ते गोड खाल्ल्यावर अथवा पैसा मिळाल्यावर जागृत होणाऱ्या भागांपैकींच आहेत असें आढळलें. आणि आपलें सांगणें दुसरा कोणी ऐकणार आहे असें कळल्यावर ही गोडी अधिकच वाढली. तात्पर्य, आपलें म्हणणें कोणीतरी ऐकावें ही मनुष्याची एक भूकच आहे.

या भुकेमागें एक भीतिही दडलेली आहे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा होता. कांहीं रेघा दाखवून त्यांतली कोणती रेघ नमुन्याच्या रेघेएवढी आहे हें विचारावयाचें; मात्र खोलींतल्या बाकीच्या मंडळींस आधींच पढवून ठेवून त्यांच्याकडून एकमुखानें चुकीचें उत्तर देववावयाचें. डोळ्यांस धडधडीत दिसत असतांही सुमारें एकतृतीयांश वेळां माणसांनीं मंडळींच्या चुकीस मान डोलावली. पण त्यांच्या बाजूनें खरें बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी ही शरणागति पुष्कळच कमी झाली. जर्मनींतील एलिझाबेथ नोएल्ले-नॉयमान या विदुषीनें १९७४ सालीं असाच विचार मांडला कीं, आपण अल्पसंख्य आहों असें ज्यांना वाटतें ते हळूहळू मुके होतात, आणि ते मुके झाल्यामुळें दुसरा पक्ष आहे त्याहून मोठा भासूं लागतो. एकटें पडण्याचें भय माणसाला गप्प बसवितें, आणि तेंच भय त्याला बोलतेंही करतें. "माझ्यासारखें वाटणारा दुसरा कोणी आहे काय?" हा प्रश्न तो आपल्या मताच्या आडून विचारीत असतो. रात्रीं अकरा वाजतां अनोळखी माणसांशीं तावातावानें वाद घालणारा गृहस्थ पुष्कळदां विजयाच्या नव्हे, तर सोबतीच्या शोधांत असतो.

आतां कोणी विचारील, ओढ जर इतकी जुनी आणि इतकी स्वाभाविक, तर आजच तिची चिंता कशाला? त्याचें कारण असें कीं, पूर्वीं मत मांडण्याला किंमत पडत असे. कागद, शाई, टपालहंशील हा खर्च थोडा असला तरी तो होता. पत्र लिहून होईपर्यंत राग थंड होई. संपादकाच्या टेबलावर तें चाळलें जाई. चावडीवर बोलावयाचें तर ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो समोर बसलेला असे, आणि दुसऱ्या दिवशीं विहिरीवर त्याच्या घरच्या माणसांस तोंड दाखवावें लागे. आज बोटाच्या एका स्पर्शानें जें जातें, तें या सर्व जकातनाक्यांस बगल देऊन जातें. आणि खोट्याची चाल सहसा खऱ्याहून चपळ असते. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांतील तिघां संशोधकांनीं, त्या वेळीं ट्विटर या नांवानें चालणाऱ्या माध्यमावरील २००६ ते २०१७ या काळांतील सुमारें १,२६,००० वार्ता तपासल्या आणि २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, खोट्या वार्ता खऱ्यांहून अधिक दूर व अधिक वेगानें पसरतात. त्यांतही लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हा दोष मुख्यतः यंत्रांचा नसून माणसांचा आहे. जें नवलाचें, जें भयाचें, तें पुढें पाठविण्याचा मोह आम्हां मनुष्यांसच आवरत नाहीं.

त्याच वर्षीं आपल्याच राज्यांत याचा भीषण प्रत्यय आला. मुलें पळविणारी टोळी हिंडत आहे अशी हूल मोबाइलवरील संदेशांतून गांवोगांव पसरली होती. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें आठवड्याच्या बाजारच्या दिवशीं, भिक्षेवर निर्वाह करणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष जमावाच्या हातीं सांपडले. ते त्याच गांवाच्या ग्रामपंचायतीच्या कचेरींत मारले गेले. त्यांच्या झोळींत कोणाचें मूल नव्हतें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपच्या चालकांनीं हिंदुस्थानांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास बंदी केली. पण जे संदेश गेले होते, ते पाठविणाऱ्यांपैकीं कितीतरी जण सद्भावनेनेंच वागले असतील! आपल्या नात्यांतल्या लेंकरांस सावध करावें, इतकाच त्यांचा हेतु असेल. दुष्टपणावांचूनही जीभ जाळपोळ करूं शकते. याकोबाच्या पत्रांत जिभेला लहानशा विस्तवाची उपमा दिली आहे, तिचा अर्थ आज दुरून समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं.

मग बोलणेंच बंद करावें काय? मुळींच नाहीं. सारे सज्जन मौन धरतील तर मैदान दांडग्यांस मोकळें सांपडेल, आणि पुढच्या ताराबाईस कोणी वाचणारही नाहीं. आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, पूर्वीं जी किंमत परिस्थिति वसूल करीत असे, ती आतां आपण आपण होऊन भरली पाहिजे. मत पाठविण्यापूर्वीं तीन गोष्टी मनाला विचाराव्या. ही गोष्ट आम्हांस ठाऊक आहे, कीं आम्हीं नुसती ऐकली आहे? ज्याच्याविषयीं हें लिहिलें तो समोर बसला असता, तर आमच्या नांवानिशीं आम्ही हेंच बोललों असतों काय? आणि या बोलण्यानें कोणा दुबळ्याचें रक्षण होतें, कीं आमचीच घटकाभर करमणूक होते? या तीन नाक्यांवरून जें सुखरूप पार पडेल, तें खुशाल जगापुढें मांडावें, आणि मग टीकेस भिऊं नये.

दुसरी गोष्ट घरांतली आहे. ऐकलें जाण्याची भूक जर इतकी खरी आहे, तर ती भागविण्याचें पहिलें ठिकाण घर होय. पहाटे पांचापासून साऱ्या नातलगांस संदेश पाठविणाऱ्या आजोबांची आपण थट्टा करतों. पण दिवसभरांत त्यांचें मत घरांतल्या कोणी विचारलें होतें काय? जेवतांना एक शब्द न बोलणारा मुलगा खोलीचें दार लावून अनोळखी लोकांस आपली सारी व्यथा सांगतो. त्याला घरीं बोलतां बोलतां मध्येंच कोणी तोडलें नव्हतें ना? ज्याला घरीं, वाडींत आणि धर्मग्रामांत कान मिळाला, त्याला बाहेर ओरडावें लागत नाहीं, आणि बोलावेंसें वाटलें तरी तो तोलून बोलतो.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें आमची आपणांस एक विनंति आहे. नव्या वास्तु, नव्या घंटा, नवे ध्वनिक्षेपक यांच्या योजना आपण करालच. बोलण्याच्या साधनांस तोटा नाहीं. त्यांजबरोबर आठवड्यांतून एक तरी घटका अशी राखून ठेवावी कीं, ज्या वेळीं आपल्यांतील सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाजवळ बसून, मध्यें एकही शब्द न टाकतां, त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकावें.